विंचूदंश आणि मज्जासंस्था : एका साध्या गोळीचा इतिहास

एप्रिल-मे महिना आला की आमच्या भागात, म्हणजे शहापूर-मुरबाडकडे, शेतात राब भाजायची गडबड सुरू होते. पालापाचोळा, शेण, काटक्या गोळा करायच्या, दगड बाजूला करायचे, पेंढा हलवायचा. त्याच सुमारास दवाखान्यात विंचू चावलेले रुग्ण वाढतात. पुढे पावसाळा सरत आला की पुन्हा तेच. भातसानगरसारखी वसाहत असो की डोंगराच्या कुशीतला पाडा असो, दगड, लाकूडफाटा आणि कौलारू घरे जिथे आहेत तिथे विंचू आहेच.

विंचूदंशाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला असा : "डॉक्टर, एवढासा जीव, त्याचे विष मोहरीएवढेही नाही, मग माणसाची छाती कशी भरते?" दुसरा प्रश्न थोडा दबक्या आवाजात येतो : "भगताने तर विंचू उतरवला होता. दुखायचे थांबलेही होते. मग पोराला असे का झाले?"

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात, विंचवाच्या विषातल्या पेप्टाइडमध्ये. आणि या विषावरचा उपाय शोधून काढण्याचे मोठे काम झाले ते आपल्या कोकणात, महाडजवळच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रापासून. आज त्याचाच इतिहास पाहू.

आधी माझी गोष्ट

मी नवीन होतो तेव्हाची ही गोष्ट. एका पाड्यावरून आठ-नऊ वर्षांच्या मुलाला रात्री आणले. संध्याकाळी लाकडे काढताना पायाच्या अंगठ्याला विंचू चावला होता. आधी भगताकडे नेले होते. मुलगा रडत नव्हता. "दुखतंय का?" विचारले तर मान हलवून "नाही" म्हणाला. दोनदा उलटी झाली होती, पण ती घाबरून झाली असेल असे आईचे म्हणणे. मला वाटले, विषाचा जोर ओसरला आहे. एखादे इंजेक्शन देऊन घरी पाठवू.

तेवढ्यात आमच्या जुन्या सिस्टर म्हणाल्या, "सर, जरा पाय बघा. बर्फासारखे आहेत." मी हात लावला. तळपाय गार, कपाळावर मात्र घामाचे थेंब. नाडी वेगाने चाललेली. त्या रात्री तो मुलगा घरी गेला असता तर सकाळ दिसली नसती, असे मला आजही वाटते.

दुखत नव्हते हीच तिथे धोक्याची खूण होती. असे का, हे समजायला आधी पेप्टाइड म्हणजे काय ते पाहावे लागेल.

पेप्टाइड म्हणजे काय?

अमिनो आम्ले हे शरीरातले छोटे मणी समजा. हे मणी एकामागून एक ओवले की जी माळ होते तिला पेप्टाइड म्हणतात. माळ फार लांब झाली आणि तिची घडी पडली की तिला आपण प्रथिन म्हणतो. 'पेप्टाइड' हा शब्द जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १९०२ च्या सुमारास रूढ केला. तेव्हा या माळांचा मेंदूशी काही संबंध असेल असे कुणाच्या मनातही नव्हते.

तो संबंध हळूहळू उलगडत गेला. १९३१ मध्ये लंडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना घोड्याच्या मेंदूतून आणि आतड्यातून एक पदार्थ मिळाला. त्याने आतडे आकुंचन पावे आणि रक्तदाब उतरे. त्याला त्यांनी 'पी' हे अक्षर दिले. तोच आजचा 'सबस्टन्स पी'. तो अकरा मण्यांची माळ आहे आणि वेदनेची बातमी मज्जारज्जूत पोहोचवण्यात त्याचा हात असतो, हे कळायला पुढे चाळीस वर्षे लागली.

१९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत पाच मण्यांच्या दोन माळा सापडल्या. त्यांचे काम अफूसारखे, म्हणजे वेदना कमी करण्याचे. त्यांना एन्केफॅलिन म्हणतात. अफूला आपला मेंदू प्रतिसाद का देतो, याचे उत्तर मिळाले : मेंदू स्वतःच अफूसारखे पदार्थ तयार करत असतो, आणि ते बसायच्या जागाही त्याच्याकडे आधीपासूनच असतात. बाळंतपणात कळा आणणारे आणि आईला पान्हा फोडणारे ऑक्सिटोसिन हेही नऊ मण्यांचे पेप्टाइड, मेंदूतच तयार होणारे.

थोडक्यात, आपली मज्जासंस्था पेप्टाइडची भाषा जाणते. विंचवाने या भाषेचा गैरफायदा घेतला आहे.

नांगीत काय असते?

आपल्याकडचा खरा धोकादायक विंचू म्हणजे लाल विंचू. शास्त्रीय पुस्तकांत त्याचे जुने नाव मेसोब्युथस टॅम्युलस, नवे नाव हॉटेनटोटा टॅम्युलस. तांबूस-पिवळसर रंग, बारीक चिमटे आणि जाड शेपूट अशी त्याची ठेवण. काळा विंचू दिसायला भीतीदायक, चिमटे जाडजूड, पण सहसा त्याचे विष तितके जहाल नसते. तरी रात्रीच्या अंधारात, घाबरलेल्या माणसाला रंग नीट कळत नाही. म्हणून रंगावर विसंबून घरी थांबू नये.

या विषात अनेक पेप्टाइड असतात. त्यांचे दोन मुख्य गट. एक गट लांब माळांचा, साधारण साठ ते सत्तर मण्यांचा. तो मज्जातंतूंवरील सोडियमच्या दरवाजांवर काम करतो. दुसरा गट आखूड माळांचा, साधारण तीस ते चाळीस मण्यांचा. तो पोटॅशियमचे दरवाजे बंद करतो. या माळा नुसत्या लोंबत नाहीत, त्यांना गंधकाचे तीन-चार टाके घातलेले असतात. त्यामुळे त्यांचा आकार पक्का राहतो आणि त्या सहजासहजी मोडत नाहीत.

हे दरवाजे कशासाठी असतात? मज्जातंतूतून संदेश जातो तो विजेच्या लहरीसारखा. सोडियमचा दरवाजा उघडतो, लहर उठते, आणि सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात तो आपोआप बंद होतो. मग पोटॅशियम बाहेर जाते आणि तंतू पुन्हा शांत होतो. हे गणित इंग्लंडमधील हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये मांडले. त्यासाठी त्यांना १९६३ चा नोबेल पुरस्कार मिळाला.

विंचवाचे लांब पेप्टाइड सोडियमच्या दरवाजाला जणू पाचर मारते. दरवाजा उघडला की बंदच होत नाही. आखूड पेप्टाइड पोटॅशियमची वाट अडवते, म्हणजे तंतूला शांत होण्याचा मार्गही बंद. एका संदेशाच्या जागी संदेशांची सरबत्ती सुरू होते. म्हणून विष मोहरीपेक्षा कमी असले तरी चालते. ते स्वतः फारसे काही करत नाही. ते आपल्याच मज्जातंतूंना थांबू देत नाही.

वादळ दोन टप्प्यांत येते

आपल्या शरीरात एक मज्जासंस्था अशी आहे की तिचे काम आपल्या इच्छेविना चालते. हृदयाचे ठोके, घाम, लाळ, रक्तवाहिन्यांचा ताण ही सगळी तिची कामे. तिला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. लाल विंचवाच्या विषाचा मुख्य मार तिच्यावर असतो.

पहिल्या टप्प्यात उलट्या होतात, तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो. मुलग्यांमध्ये आणि पुरुषांमध्ये लिंग ताठ होऊन तसेच राहते. ही खूण लाजेपोटी कुणी सांगत नाही, पण डॉक्टरांच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे.

दुसऱ्या टप्प्यात ॲड्रेनलिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये रक्तात धो धो येतात. हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार पडतात. रक्तदाब चढतो, नाडी पळते. या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. मग रक्त मागे फुप्फुसात तुंबते आणि फुप्फुसात पाणी होते. खोकला, धाप, गुलाबीसर फेस, आणि शेवटी मृत्यू. नातेवाईक म्हणतात ती 'छाती भरणे' ही. हे सगळे पहिल्या काही तासांत घडू शकते. लहान मुलांच्या शरीराचे वजन कमी, पण विंचवाचा डोस तोच, म्हणून त्यांना धोका जास्त.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. विषाचे हे पेप्टाइड मेंदूत फारसे शिरत नाहीत. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती गावाच्या वेशीसारख्या असतात. कुणालाही आत सोडत नाहीत. म्हणून रुग्ण बहुतेक वेळा शुद्धीवर असतो आणि आपल्याला काय होते आहे ते त्याला कळत असते. मेंदूला इजा झालीच तर ती बहुधा अतिशय चढलेल्या रक्तदाबामुळे होते.

१९७६ : बिरवाडी

विंचू महाराष्ट्राला नवा नाही. संत एकनाथांनी त्याच्यावर भारूड रचले, मांत्रिकांनी मंत्र रचले, घरोघरी मुळ्या-पाल्याचे उपाय झाले. पण दंशाने माणूस नेमका कशामुळे मरतो, हे कुणी सांगत नव्हते. १९६१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉ. मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी होते हे नोंदवले. तरी खेड्यातल्या डॉक्टरच्या हातात उपाय नव्हता. ॲट्रोपिन, स्टेरॉइड, ॲलर्जीची इंजेक्शने, गुंगीच्या औषधांचे मिश्रण असे जे सुचेल ते दिले जाई. त्यातली काही निरुपयोगी, काही तर घातक. उदाहरणार्थ, ॲट्रोपिनने पहिल्या टप्प्यातली लाळ आणि घाम थांबतो, पण आधीच पळणारे हृदय आणखी पळते.

अशा काळात, १९७६ मध्ये, डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या देहेड या खेड्यात १९५१ मध्ये जन्मलेला, गरिबीतून शिकून नागपूरला एम.बी.बी.एस. झालेला हा माणूस. महाडचा भाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. आज त्याला आपण रायगड म्हणतो. लाल माती, डोंगर, दगड, आणि विंचू. धडधाकट माणसे आणि मुले संध्याकाळी चालत येत आणि पहाटेपर्यंत दगावत.

बावस्करांनी जे केले ते ऐकायला अगदी साधे वाटते. ते रुग्णाजवळ बसले. रात्रभर नाडी, रक्तदाब, श्वास मोजत राहिले आणि लिहीत राहिले. कुणाला उलटी झाली, कुणाला घाम आला, कुणाचे पाय गार पडले, त्यातले कोण वाचले, कोण गेले. मोठी यंत्रे नव्हती. होते ते स्टेथोस्कोप, रक्तदाबाचे यंत्र आणि वही.

या नोंदींतून एक चित्र तयार झाले. उलटी, घाम, लाळ, ताठरलेले लिंग आणि गार हातपाय ही पुढे येणाऱ्या हृदयविकाराची पूर्वसूचना आहे, असे त्यांच्या लक्षात आले. १९८२ मध्ये हा लेख 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. मधल्या काळात त्यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. केले आणि शहरात न राहता ते महाडला परतले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही या कामात बरोबरीने होत्या.

गोळी कशी सापडली?

आता विचार असा होता : विष शरीरात गेले आहे आणि ते काढता येत नाही. पण माणूस मरतो तो आवळलेल्या रक्तवाहिन्यांमुळे आणि थकलेल्या हृदयामुळे. मग त्या रक्तवाहिन्याच सैल केल्या तर?

आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून द्यायचे औषध वापरले गेले. त्याने फुप्फुसातले पाणी ओसरून रुग्ण वाचू लागले. पण ते थेंबाथेंबाने मोजून द्यावे लागते आणि सतत रक्तदाबावर डोळा ठेवावा लागतो. प्रत्येक खेड्यात हे कसे जमणार? त्याच कामाची, पण तोंडाने द्यायची, स्वस्त अशी गोळी हवी होती. ती बाजारात आधीच होती. तिचे नाव प्राझोसिन. ती उच्च रक्तदाबासाठी वापरत असत.

ॲड्रेनलिनच्या जातीची द्रव्ये रक्तवाहिनीच्या भिंतीवरील 'अल्फा' नावाच्या जागांवर बसून तिला आवळतात. प्राझोसिन त्या जागा आधीच अडवते. त्यामुळे वाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो, फुप्फुसात तुंबलेले रक्त पुढे सरकते. विषाच्या एकाही पेप्टाइडला ती हात लावत नाही. पण त्या पेप्टाइडांनी उठवलेले वादळ जिथे आदळते, त्या जागेवर ती उभी राहते. म्हणूनच तिला विंचवाच्या विषाचा शारीरिक उतारा म्हणतात.

१९८६ मध्ये बावस्कर पती-पत्नींचा प्राझोसिनवरचा लेख लॅन्सेटमध्ये आला. त्यांच्याच नोंदींनुसार, पूर्वी गंभीर विंचूदंशाच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आले. प्रयोगशाळेत नवा रेणू तयार झाला नव्हता. जुनी गोळी योग्य वेळी द्यायला एक डॉक्टर शिकला होता, आणि त्याने ते इतरांना शिकवले.

प्रतिविष आले, तेव्हा

पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाने लाल विंचवाचे प्रतिविष तयार केले. प्रतिविष म्हणजे विषातल्या पेप्टाइडांना धरून ठेवणारी प्रतिपिंडे. घोड्याला विषाचे अगदी थोडे-थोडे डोस देऊन त्याच्या रक्तात ती तयार करतात.

आता कुणालाही प्रश्न पडेल : गोळी चांगली की प्रतिविष? ज्या डॉक्टरने गोळीसाठी आयुष्य वेचले, तो गोळीच्याच बाजूने बोलेल असे आपल्याला वाटते. पण बावस्करांनी महाडमध्ये रीतसर चाचणी घेतली. एकूण ७० रुग्ण, दोन गट. ३५ जणांना नुसते प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने गट पाडले, जेणेकरून आवडनिवड मध्ये येऊ नये. दहा तासांनी पाहिले तेव्हा दोन्ही औषधे मिळालेल्या गटातले ३२ जण पूर्ण बरे झाले होते. नुसत्या गोळीच्या गटातले ८ जण. हा निकाल २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला.

स्वतःच्याच औषधापेक्षा दोन्ही मिळून केलेले उपचार लवकर गुण देतात, हे त्यांनी स्वतः मोजून जगाला सांगितले. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वांत मोठा वाटतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

विषाचेच औषध

कथा इथे संपत नाही. आपल्याच लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ३७ मण्यांचे एक पेप्टाइड वेगळे केले, आयबेरिओटॉक्सिन. ते पोटॅशियमच्या एका ठरावीक प्रकारच्या मोठ्या दरवाजालाच बंद करते, दुसऱ्याला नाही. कुलपाची नेमकी किल्ली मिळावी तसे हे झाले. मेंदूतल्या पेशी, रक्तवाहिन्यांचे स्नायू यांच्यात तो दरवाजा काय काम करतो हे शोधायला जगभरच्या प्रयोगशाळा आज ते वापरतात. २००२ मध्ये याच विंचवापासून ३१ मण्यांचे तामापिन मिळाले. ते मेंदूतल्या पोटॅशियमच्या लहान दरवाजांपैकी एका जातीवर काम करते.

दुसऱ्या प्राण्यांची उदाहरणेही आहेत. समुद्रातल्या शंकूच्या आकाराच्या विषारी गोगलगाईच्या २५ मण्यांच्या पेप्टाइडवरून झायकोनोटाइड हे वेदनाशामक औषध तयार झाले. २००४ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषातील पेप्टाइडचा अभ्यास करता करता कॅप्टोप्रिल ही रक्तदाबाची गोळी जन्मली. तुमच्यापैकी जे एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल घेतात, त्यांच्या गोळीचे घराणे तेच.

इथे एक सावधगिरीची सूचना. हल्ली 'मेंदूचे पेप्टाइड', 'स्मरणशक्तीचे पेप्टाइड' अशा नावाने महागड्या कॅप्सूल विकायला येतात. वर सांगितलेल्या दोन गोष्टी आठवा. पेप्टाइड ही मण्यांची माळ आहे, आणि बहुतेक माळा पोटात गेल्या की डाळीतल्या प्रथिनासारख्या पचून सुटे मणी होतात. त्यातून एखादी रक्तात पोहोचलीच तर मेंदूची वेस तिला सहसा आत घेत नाही. झायकोनोटाइडसुद्धा गोळी म्हणून देत नाहीत. ते पाठीच्या कण्यातल्या द्रवात पंपाने सोडावे लागते. म्हणून असे काही विकत घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

भगताचा प्रश्न

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. भगताकडे गेल्यावर विंचू 'उतरतो' कसा?

विंचू चावलेल्या बहुसंख्य माणसांना फक्त वेदना होतात. भयंकर वेदना, पण तेवढ्याच. त्या काही तासांत, फार तर एका दिवसात, आपोआप कमी होतात. त्या वेळात मंत्र म्हटला, पाला बांधला, झाडणी केली, काही केले तरी वेदना उतरणारच. कुणी आपल्याजवळ बसले, धीर दिला, की भीतीही कमी होते, आणि भीती कमी झाली की दुखणेही सुसह्य वाटते. त्यामुळे भगत मुद्दाम फसवतो असे मी म्हणणार नाही. त्यानेही पिढ्यान्‌पिढ्या हेच पाहिले आहे.

पण विष शरीरभर पसरलेल्या गंभीर रुग्णात अनेकदा दंशाच्या जागी दुखणे फारसे नसते. वादळ आत चालू असते आणि बाहेरून माणूस शांत दिसतो. अशा रुग्णाला पाहून भगत म्हणतो "उतरला". नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात. आणि पहिले मोलाचे तास निघून जातात. बावस्करांनी हेही नोंदवले की, रुग्ण बरा होऊ लागला की दंशाच्या जागी दुखणे परत येते.

म्हणजे आपली सगळी समजूत इथे उलटी पडते. दुखते आहे म्हणून घाबरायचे आणि दुखत नाही म्हणून निश्चिंत व्हायचे, हा हिशेब लाल विंचवाला लागू होत नाही.

काय करावे, काय करू नये

• विंचू चावला की, विशेषतः लहान मुलाला, लगेच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. भगताचा धीर हवा असेल तर त्यालाच सोबत घेऊन या, पण थांबू नका.

• दंशाची जागा साध्या पाण्याने धुवा. वेदनेसाठी कापडात गुंडाळलेला बर्फ काही वेळ लावता येतो. दोरी आवळून बांधणे, कापणे, चोखणे, रॉकेल किंवा चुना लावणे यातले काहीही करू नका.

• उलटी, दरदरून घाम, लाळ, गार हातपाय, मुलग्यांमध्ये लिंग ताठ होणे, छातीत धडधड, खोकला किंवा धाप यातले एकही लक्षण असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजू नका. चावल्याची वेळ लक्षात ठेवून सांगा.

• प्राझोसिन घरात आणून स्वतःच्या मनाने देऊ नका. डोस वजनावर ठरतो. गोळी दिल्यावर उठून बसले किंवा उभे राहिले तर रक्तदाब एकदम पडू शकतो. म्हणून रुग्णाला आडवेच ठेवून लक्ष ठेवावे लागते.

• डॉक्टरांनी २४ तास दाखल राहायला सांगितले तर राहा. दुखणे थांबले म्हणून रात्रीच घरी जाण्याची घाई करू नका.

• चप्पल-बूट झटकून घाला. लाकडे, पेंढा, दगड हातात घेण्यापूर्वी काठीने हलवा. लहान मुलांना जमिनीवर न झोपवता खाटेवर झोपवा आणि खाट भिंतीपासून थोडी दूर ठेवा.

त्या मुलाचे काय झाले?

त्या रात्री आम्ही त्याला आडवे झोपवले, प्राझोसिन दिले, आणि दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास पाहत राहिलो. सिस्टर तर खुर्चीवरून उठल्याच नाहीत. पहाटे त्याचे पाय कोमट झाले. उजाडल्यावर तो जोरजोरात रडू लागला : "आई, अंगठा दुखतोय!"

आई घाबरली. मला म्हणाली, "आता काय झालं, डॉक्टर?" मी तिला सांगितले, "आता बरा होतोय तो. रडू दे."

बिरवाडीच्या केंद्रात रात्र-रात्र बसून कुणीतरी वहीत नोंदी केल्या होत्या, म्हणून त्या सकाळी मला तिला हे खात्रीने सांगता आले. तुमच्या घरात, पाड्यात कुणाला विंचू चावला तर एवढे तरी करा : आधी तळपायाला हात लावून बघा. आणि गार असोत की गरम, रुग्णाला घेऊन निघा.